नागीण, बारा तासांची गोळी आणि माझं क्रिएटिनिन

२०२४च्या ऑगस्टमध्ये मला नागीण, म्हणजे हर्पीस झोस्टर, झाली. आता उजव्या कुशीवर फिकट डागांचा एक पट्टा तेवढा उरला आहे. मधल्या काळात नात्यातल्या, शाळेतल्या, गल्लीतल्या कितीतरी जणींनी फोन करून विचारलं की तुम्ही नेमकं काय काय केलंत. प्रत्येकीला तुकड्यातुकड्यानं सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं क्रमानं लिहून काढते. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. इथे लिहिलेला गोळ्यांचा हिशोब माझ्या वयाला, माझ्या वजनाला आणि मुख्य म्हणजे माझ्या किडनीला बघून ठरलेला आहे. तो कुणी जसाच्या तसा उचलू नये.

तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी. चौदा वर्षांचा मधुमेह, सोबत ब्लडप्रेशर, आणि २०२१पासून रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ, दीडच्या आसपास रेंगाळणारं. किडनी थोडी थकली आहे, एवढाच मी त्याचा अर्थ घेतला होता. मीठ कमी करायचं, दुखण्याच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत आणि सहा महिन्यांनी रिपोर्ट काढायचा, एवढं पाळत होते.

सोमवारी, १२ तारखेला, मैदानावर पंधरा ऑगस्टच्या कवायतीचा सराव चालू होता. दुपारनंतर उजव्या बाजूला छातीखाली आग व्हायला लागली. तिथून ती बरगडीवरून वळून पाठीकडे जायची. मला वाटलं उसण भरली. रात्री बाम चोळला तर आग दुप्पट झाली. मंगळवारी पदराचा स्पर्शही नको वाटायला लागला, आणि मनात भलतीच शंका आली. मधुमेहाच्या माणसाला छातीचं दुखणं म्हटलं की जी येते तीच. शाळा सुटल्यावर जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला. तीनशे रुपये. पट्टी चांगली आली. अंगावर काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांनी स्नायूचं दुखणं म्हणून लावायला मलम दिलं. त्यांची यात काही चूक नव्हती. पुरळ उठायच्या आधी दोन-चार दिवस नुसती आग होणं, ही या दुखण्याची रीतच आहे. ते तीनशे रुपये वाया गेले असंही मी म्हणणार नाही. छातीत दुखलं तर आधी हृदय बघून घ्यावं.

गुरुवारी, १५ ऑगस्टला, पहाटे अंघोळीच्या वेळी पाठीला हात लावला तर खरबरीत काहीतरी लागलं. घामोळं असेल म्हणून साडी नेसून झेंडावंदनाला गेले. राष्ट्रगीताला सरळ उभं राहणंही जड गेलं. घरी आल्यावर ह्यांना पाठ दाखवली. ते गप्पच झाले. लाल चट्ट्यावर पाण्यानं भरलेल्या बारीक पुटकुळ्यांचे झुबके होते, पाठीच्या मणक्यापासून उजव्या स्तनाखालपर्यंत, अर्ध्या पट्ट्यासारखे.

सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी चष्मा लावून एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "नागीण हाय ही. दोन्ही तोंडं मिळायच्या आत उतरवली पायजे."

त्यांना उपचारातलं काही कळत नाही असं समजून मी हे सांगत नाही. रोग त्यांनीच पहिल्यांदा ओळखला, तोही अचूक. त्यांच्या मनातली भीती मात्र वेगळी होती. नागिणीनं कमरेभोवती वेढा पूर्ण केला की माणूस जातो, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. पलीकडच्या वाडीत काव लावून आणि मंत्र घालून नागीण उतरवणारे एक बाबा आहेत. त्यांच्याकडे ह्यांनी लगेच गाडी काढावी म्हणून त्या हातापाया पडू लागल्या.

मी नाही म्हणाले ते माझ्या वडिलांमुळे. १९८७ साली मी डी.एड.ला होते तेव्हा त्यांच्या कमरेवर नागीण उठली. त्यांना लागोपाठ तीन गुरुवार उतरवायला नेलं. फोड सुकले, सगळ्यांना वाटलं गुण आला. फोड आपोआपही सुकतातच. आग मात्र राहिली. पुढची कित्येक वर्षं दादांना धोतराची गाठ त्या बाजूला सहन होत नव्हती. रात्री उठून ते ओसरीवर उघड्या अंगानं बसायचे. ते बसणं माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, देवापुढं दिवा लावा, माझ्यासाठी मागणं मागा. पण फोडांवर काही लावायचं नाही, आणि मी आजच डॉक्टरांकडे जाणार."

'आज'वर माझा एवढा जोर का होता, तेही सांगते. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या बहिणीला नागीण झाली होती, तेव्हा ७२ तास हा आकडा माझ्या कानावर पडला होता. अंगावर पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळी सुरू झाली तर तिचा खरा उपयोग. हे तास दुखायला लागल्यापासून मोजत नाहीत, पुरळ दिसल्यापासून मोजतात. नंतर डॉक्टरांनी त्यात भर घातली, की ७२ तास उलटून गेले तरी नवे फोड येत असतील, दुखणं डोळ्याजवळ असेल किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर गोळ्या देतातच. म्हणून उशीर झाला म्हणून घरी बसून राहू नये.

सुट्टीचा दिवस. माझ्या नेहमीच्या फिजिशियनांचा दवाखाना बंद होता. संध्याकाळी सात वाजता एका मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात गेलो. पाचशे रुपये फी. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पाठ पाहिली, दोन मिनिटांत निदान केलं आणि चिठ्ठी लिहिली. व्हॅलासायक्लोव्हिर १००० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, सात दिवस, आणि दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक. मधुमेह आहे का, किडनी कशी आहे, इतर गोळ्या कोणत्या, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. रांगेत माझ्या मागे एक अपघाताचा रुग्ण कण्हत होता, आणि मला तिथून लवकर बाहेर पडायचं होतं. ही माझी चूक मी मोकळेपणानं मान्य करते, कारण जवळजवळ सगळेच ती करतात. जुनी फाईल घरी कपाटात नीट लावून ठेवलेली होती आणि मी रिकाम्या हातानं डॉक्टरांसमोर बसले होते.

मला सावध केलं ते आमच्या मेडिकलवाल्यानं. दर महिन्याच्या माझ्या गोळ्या तोच देतो. चिठ्ठी वाचून तो म्हणाला, "बाई, तुमचं क्रिएटिनिन जास्त असतं ना? हा डोस तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा. आणि डायक्लो तर मी तुम्हाला देणारच नाही." त्याच्याकडे एकवीसपैकी सहाच गोळ्या होत्या. साधारण सव्वाशे रुपयांना एक. त्या सहा घेतल्या. आधी जनऔषधी केंद्रात डोकावलो होतो, पण सुट्टीमुळे ते बंद होतं. एरवी तिथे ही गोळी किंवा हिचीच मूळ बहीण असायक्लोव्हिर मिळते का ते जरूर विचारा, पैशांत बराच फरक पडतो.

पावणेनऊला जेवून पहिली गोळी घेतली. दहाच्या सुमारास फिजिशियनांचा फोन लागला. ते शांतपणे म्हणाले, "पहिली गोळी घेतलीत हे उत्तम केलंत, थांबायला नकोच होतं. दुसरी मात्र आठ तासांनी नको, बारा तासांनी घ्या. सकाळी उपाशीपोटी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम काढा आणि रिपोर्ट घेऊन या."

शुक्रवारी रक्त दिलं, साडेतीनशे रुपये. दुपारपर्यंत रिपोर्ट मिळाला. क्रिएटिनिन १.६, आणि किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा ३८. त्या दिवशी डॉक्टरांनी मला जवळजवळ अर्धा तास दिला. मी शिक्षिका असल्यामुळे असेल, पण त्यांनी केसपेपरच्या मागे आकृत्या काढून समजावलं.

लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत तो वर्षानुवर्षं निजून राहतो. वय वाढलं, मधुमेह असला, शरीर थकलं की कधीतरी जागा होतो आणि एका नसेच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. बरोबर आलेल्या सासूबाईंकडे वळून ते म्हणाले, "आजी, ही नस मणक्यापासून निघते आणि पुढं छातीच्या मधोमध संपते. पलीकडची बाजू दुसऱ्या नसेची. नागिणीला कुंपण असतं. म्हणून तिची तोंडं मिळत नाहीत." सासूबाईंनी त्या चित्राकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "मग माणसं मरत्यात ती कशानं?" डॉक्टरांनी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या माणसांत क्वचित हे फोड अंगभर पसरतात, आतल्या अवयवांपर्यंतही जातात, तेव्हा धोका असतो, असं त्यांनी सांगितलं. म्हणून या पट्ट्यापासून दूर कुठे फोड दिसले तर लगेच कळवायचं. त्यांनी माझं नाकाचं टोक आणि डोळेही पाहिले. नागीण कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर डोळ्याला इजा होऊ शकते आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं लागतं.

मग गोळीचं. किडनी ठणठणीत असेल तर १००० मिलिग्रॅमची ही गोळी दर आठ तासांनी देतात. माझ्यासारखा ३० ते ४९मधला आकडा असेल तर दर बारा तासांनी, आणि त्याहून खाली गेला तर चोवीस तासांतून एकदाच, किंवा आणखी कमी. औषध लघवीवाटेच बाहेर पडतं. किडनी हळू चालत असेल तर ते अंगात साचतं, त्याचे स्फटिक किडनीतच अडकू शकतात, आणि डोक्यापर्यंत परिणाम गेला तर माणूस असंबद्ध बोलतो, त्याला भास होतात, तोल जातो. म्हाताऱ्या माणसांत हे झालं की घरच्यांना वाटतं दुखण्यानं भ्रम झाला. डायक्लोफिनॅकसारखी गोळी सोबत घेतली तर किडनीवर दुहेरी भार. मला दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिलं, आणि नसेच्या आगीसाठी रात्री झोपताना प्रिगॅबालिनची कमी ताकदीची एक गोळी. तीही किडनी बघूनच द्यावी लागते.

"अर्धवट डोस म्हणजे अर्धवट काम नव्हे ना?" मी विचारलं. माझ्या मनात तीच भीती होती, की दोनच गोळ्यांनी दादांसारखं होणार. ते म्हणाले, "तुमच्या अंगात दोन गोळ्या दुसऱ्याच्या तीन गोळ्यांएवढं काम करतात, कारण त्या लवकर बाहेर पडत नाहीत." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. गोळ्या कमी झाल्या म्हणून मनानं वाढवणारेही मी पाहिलेत.

पाण्याचं तेव्हाच विचारून घेतलं. या औषधावर भरपूर पाणी प्या, असं सगळेच सांगतात. पण ज्यांच्या हृदयाचा त्रास आहे, पायांवर सूज आहे किंवा ज्यांना पाणी मोजून सांगितलेलं आहे, त्यांनी 'भरपूर'चं माप डॉक्टरांकडून घ्यावं. मला दोन ते सव्वादोन लिटर सांगितलं. मी लिटरच्या दोन बाटल्या भरून ओट्यावर ठेवायची. रात्री झोपेपर्यंत त्या रिकाम्या झाल्या पाहिजेत, एवढाच हिशोब.

शनिवार, रविवार हे सगळ्यात वाईट दिवस. गोळी चालू असूनही रविवारपर्यंत नवे फोड येत राहिले, आणि शेजारच्या काकू म्हणाल्या की गोळ्या लागू पडत नाहीत. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून धीर टिकला. औषध विषाणूची वाढ थांबवतं, झालेली इजा पुसत नाही. पहिले दोन-तीन दिवस पुरळ आपल्या चालीनं पुढे जातंच. दुखण्याचं वर्णन करायचं तर, कुणीतरी तापलेला झारा बरगडीवरून ओढतंय आणि मध्येच विजेचा झटका देतंय, असं. गोळीनं मळमळायचं, डोकं जड व्हायचं. गोळी पोटभर जेवून घेतली की मळमळ कमी व्हायची. शनिवारी सकाळची गोळी विसरून झोपूनच राहिले, अकराला आठवली. आठवल्याबरोबर घ्यायची, पण दोन एकदम कधीच नाही, असं फोनवर कळलं. तेव्हापासून ह्यांनी मोबाइलवर पावणेनऊचे दोन गजर लावले.

कपड्यांचा प्रश्न बायकांना फार छळतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. ब्लाउज, आतले कपडे, काहीच सोसत नाही. मी सासऱ्यांच्या जुन्या मलमलीच्या धोतराचा तुकडा फोडांवर सैल गुंडाळून वर ह्यांचा सैल सुती सदरा घालायची. दिवसातून एकदा साबण न लावता कोमट पाण्यानं अंघोळ, टॉवेलनं न चोळता टिपून घ्यायचं, फोड फोडायचे नाहीत. शेजारच्या काकूंनी आणून दिलेली असायक्लोव्हिरची ट्यूब तशीच राहिली. नागिणीत कातडीवरच्या क्रीमचा उपयोग नाही, काम नसेत चाललेलं असतं. तापानंतर ओठाच्या कडेला उठणारे फोड याच घराण्यातल्या वेगळ्या विषाणूचे. त्यांच्यासाठी ती ट्यूब असते, आणि तिथेही गोळी द्यायची झाली तर डोस फार वेगळा असतो. म्हणून कुणाच्या तरी उरलेल्या गोळ्या 'हर्पीसच्याच आहेत' म्हणून घेऊ नयेत. सासूबाईंनी दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप करून ठेवला होता. त्यांच्या हातावर हात ठेवून मी नको म्हणाले, तेव्हा त्यांनी तो तुळशीत ओतला. मला वाईट वाटलं. उघड्या जखमेवर काहीही लावलं की त्यात पू होऊ शकतो, आणि मधुमेहात तर जास्तच.

मंगळवारी २० तारखेला सकाळी आम्ही सगळे घाबरलो. मी उठले आणि ह्यांना विचारलं, रक्षाबंधन कधी आहे? ते आदल्याच दिवशी होऊन गेलं होतं. माझा भाऊ येऊन गेला होता, मी त्याला राखी बांधली होती. शिवाय न्हाणीकडे जाताना तोल गेला आणि मी भिंत धरली. ह्यांना डॉक्टरांची भासाची सूचना आठवली. त्यांनी नऊची वाट न बघता फोन केला. तासाभरात पुन्हा रक्त दिलं. पुन्हा साडेतीनशे, आणि दुपारपर्यंतचं थांबणं. या सगळ्या काळातले मला सगळ्यात लांब वाटलेले ते चार तास. क्रिएटिनिन १.७ आलं, म्हणजे फारसं हललं नव्हतं. दुपारपर्यंत माझं मलाही लख्ख आठवू लागलं होतं. डॉक्टरांच्या मते ही प्रिगॅबालिनची गुंगी होती. ती गोळी रात्री उशिरा न घेता आठला घ्यायला सांगितली, रात्री उठताना आधी पलंगावर दोन मिनिटं बसायचं, आणि दिवा लावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. त्यानंतर तसं झालं नाही. साधी गुंगी असो की आणखी काही, या गोळ्यांवरचं माणूस जरा जरी वेगळं बोलायला लागलं तर फोन करावा आणि रक्त तपासावं. ह्यांनी त्या सकाळी उशीर केला नाही, याचं मला फार मोल वाटतं.

चौदावी गोळी गुरुवारी २२ तारखेला सकाळी संपली. चौदा गोळ्यांचे साडेसतराशे रुपये झाले.

लेकीचं सांगायचं राहिलं. ती पुण्याला असते, तेव्हा सातवा महिना चालू होता. २५ ऑगस्टच्या रविवारी आमच्या घरी तिचं डोहाळजेवण ठरलं होतं. नागीण म्हणून नागीण दुसऱ्याला लागत नाही. पण फोडांतल्या पाण्यातून, ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांना कांजिण्या होऊ शकतात, आणि गरोदर बाईला त्या होणं वाईट. ती तिसरीत असताना तिला कांजिण्या झाल्या होत्या हे मला पक्कं आठवत होतं. तरी तिच्या डॉक्टरांनी रक्ताची तपासणी करून खात्री केली. तिच्यात प्रतिकारशक्ती होती. आता कार्यक्रम करायला हरकत नाही, असं जावई म्हणाले. मीच म्हटलं, सगळ्या फोडांवर खपली धरल्याशिवाय मी तिच्याजवळ बसणार नाही. हॉल, आचारी, ओटीचं सामान सगळं पुढे ढकललं आणि गणपतीत, १५ सप्टेंबरला डोहाळजेवण झालं. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा केमोथेरपी चालू असलेलं माणूस असेल तर हा विचार पहिल्याच दिवशी करा. फोड झाकलेले ठेवा, टॉवेल आणि पांघरूण वेगळं ठेवा.

रजेचं प्रकरण शिक्षकांसाठी सविस्तर लिहिते. १६ ऑगस्ट ते १ सप्टेंबर अशी सतरा दिवसांची परिवर्तित रजा टाकली. ही रजा वैद्यकीय दाखल्यावर मिळते, पगार पूर्ण मिळतो, पण अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट, म्हणजे चौतीस दिवस वजा होतात. मुख्याध्यापकांना पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर अर्ज आणि चिठ्ठीचा फोटो पाठवला. मूळ दाखला आठवड्यानं दिला. तो कार्यालयातून परत आला, कारण शिक्क्यात डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक उमटलाच नव्हता. दुसरा आणला. त्यात आजाराचं नाव 'हर्पीस झोस्टर' आणि विश्रांतीची तारखेपासून तारखेपर्यंत मुदत स्पष्ट लिहून घेतली. "नागिणीला एवढी रजा?" असं तिथे विचारलं गेलं. मी काही बोलले नाही, फोडांचा मोबाइलवरचा फोटो दाखवला. पुढचा प्रश्न आला नाही. रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो. तो त्याच डॉक्टरांकडून ३१ ऑगस्टला घेतला, कारण १ तारखेला रविवार होता आणि सोमवारी सकाळी दाखल्याशिवाय हजेरीवर सही करू देत नाहीत. मी दवाखान्यात दाखल नव्हते, त्यामुळे खर्चाची प्रतिपूर्ती नाही आणि विम्याचाही उपयोग नाही. ईसीजीपासून शेवटच्या तपासणीपर्यंत सगळं मिळून पाच हजारांच्या आसपास गेलं.

घरी पडून असताना मी या औषधाबद्दल थोडं वाचलं. असायक्लोव्हिर ज्या प्रयोगशाळेत घडलं तिथे गर्ट्रूड एलियन नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या. त्यांना १९८८ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणखी दोन शास्त्रज्ञांबरोबर वाटून. विषाणू आपली नक्कल करताना मण्यांची माळ ओवत जातो. हे औषध म्हणजे त्यातला खोटा मणी. तो माळेत बसतो आणि त्याच्यापुढे दुसरा मणी ओवताच येत नाही. शिवाय त्या मण्याला जागं करायला विषाणूचंच रसायन लागतं, म्हणून निरोगी पेशींना फारसा धक्का लागत नाही. व्हॅलासायक्लोव्हिर पोटात गेल्यावर असायक्लोव्हिरच होतं, फक्त रक्तात जास्त उतरतं. म्हणून असायक्लोव्हिरची ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाचदा घ्यावी लागते, तिथे ही तीनदा पुरते. निजलेल्या विषाणूला मात्र दोन्ही गोळ्या मारू शकत नाहीत. शाळेत परतल्यावर सातवीच्या मुलींना मी एलियनबाईंची गोष्ट सांगितली. त्यांच्या लाडक्या आजोबांचा कॅन्सरनं मृत्यू झाला, तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या, आणि तिथेच त्यांनी औषधांकडे वळायचं ठरवलं. वर्ग एकदम शांत झाला होता.

खपल्या महिनाअखेरीस गळाल्या. आग गेली नाही. सप्टेंबरभर खडूनं फळ्यावर वर लिहायला हात उचलला की बरगडीत झटका यायचा. तीन महिन्यांच्या पुढे दुखणं राहिलं तर त्याला नागिणीनंतरचं नसेचं दुखणं म्हणतात, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर ते तीन महिने भरत होते. मी कॅलेंडरवर रोज दहापैकी किती दुखलं तो आकडा लिहायची. डॉक्टरांना 'खूप' आणि 'थोडं'पेक्षा त्या आकड्यांचा जास्त उपयोग झाला. ऑगस्टमधले आठ-नऊ ऑक्टोबरात चारवर आले, दिवाळीत दोनवर. तेव्हा प्रिगॅबालिन एकदम न तोडता हळूहळू कमी करून बंद केली. आता थंडीत तिथे मुंग्या येतात, एवढंच. गोळी लवकर सुरू झाली म्हणून मी दादांच्या वाटेला गेले नाही, असं छातीठोकपणे मला म्हणता येणार नाही. गोळी वेळेवर घेऊनही काहींचं दुखणं रेंगाळतं. पण त्यांच्या वेळी आम्ही काहीच केलं नाही, आणि ते मला आजही बोचतं.

डिसेंबरात एका रात्री पलीकडच्या आळीतल्या एक वहिनी सासूबाईंकडे आल्या, त्या बाबांचा पत्ता विचारायला. नवऱ्याच्या पाठीवर नागीण होती. मी आत चपात्या करत होते. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "पत्ता देते, पर आधी डाक्टरकडं जा. कवापासनं उठलीय? किडनीचं काय दुखणं हाय का त्याला, ते डाक्टरला आधी सांग."

आता माझ्या पर्समध्ये एक लहान कार्ड असतं. त्यावर शेवटचं क्रिएटिनिन आणि त्याची तारीख, वजन, चालू गोळ्यांची नावं आणि 'डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नको' एवढं लिहिलेलं आहे. मेडिकलवाल्यालाही त्याचा एक फोटो देऊन ठेवला आहे.

लसीबद्दल पुष्कळ जणी विचारतात. नागिणीची लस २०२३पासून भारतात मिळते. पन्नाशीनंतर देतात, दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. नागीण होऊन गेलेल्यांनाही देतात, कारण ती पुन्हा होऊ शकते. चालू दुखण्यावरचा उपचार म्हणून मात्र तिचा उपयोग नाही, फोड पूर्ण बरे झाल्यावरच घ्यायची. आम्ही घेतली तेव्हा एका डोसला दहा हजारांच्या पुढे पैसे लागत होते. दोघांचे चार डोस एकदम घेणं आम्हाला परवडणारं नव्हतं. मी गोळ्यांनी सावरले आहे आणि ह्यांना साठी उलटून गेली आहे, म्हणून पहिला नंबर त्यांचा लावला. त्यांचा एक डोस फेब्रुवारीत झाला, दुसरा मेमध्ये. दोन्ही वेळा दोन दिवस दंड दुखला, एकदा कणकण आली. माझ्या पहिल्या डोससाठी दिवाळीच्या सुट्टीतला सोमवार ठरवून कॅलेंडरवर खूण केली आहे. त्याआधी क्रिएटिनिन काढायचं आहे.